सुमनमावशीचा पाट

आईचा फोन आला तेव्हा मी भिवपुरीच्या शाळेत वह्या तपासत होते. "सुमन गेली गं," एवढंच ती बोलली. लोधिवलीच्या अंगणवाडीतली मदतनीस, माझ्या माहेरची शेजारीण सुमनमावशी. महिना होत आला, तरी 'गेली' हा शब्द तिच्या नावापुढे लिहिताना हात अडतो.

गावात कुणी बाळंतीण घरी आली की मावशी एक लाकडी पाट काखोटीला मारून हजर. बाईला भिंतीला टेकवून बसवायची, पायांखाली पाट सरकवायची आणि बाळ आपणहून तोंड उघडेपर्यंत थांबायची. "पाय लोंबकळले की पाठ भरते गं, मग आईच वैतागते." पाजणाऱ्या बाईच्या ताटात भाकरी किती, हेही ती वाकून बघायची. कमी दिसली तर सासूची काही खैर नसायची.

माझी लेक झाली तेव्हा दवाखान्यातून मी दुसऱ्याच दिवशी माहेरी आले. आईने वाटीत गुळाचं पाणी कालवलं. पहिला पिवळा चीक पिळून टाकायचा आणि तीन दिवस बाळाला हे पाणी बोटाने चाटवायचं, ही आमच्या घरातली रीत. मी एवढी शिकलेली मास्तरीण, पण मुकाट्याने पिळायला बसले... मावशी दारातच थबकली.

"वयनी, गाय व्याली की चिकाचा खरवस घरोघर वाटतो आपुन. आन पोरीच्या वाटणीचा मातीत?"

आई भडकली. "आमची पोरं अशीच वाढली. मेली काय?"

"माझा मेला, वयनी."

तिच्या दोन मुली तेवढ्या मला माहीत होत्या. त्यांच्याआधीचा मुलगा पाच दिवसांचा होऊन गेला होता. "त्यानंच गेला का, ठाव नाय," ती म्हणाली. "पन चीक मी माझ्या हातानं पिळला. ते इसरत नाय." आईने वाटी खाली ठेवली. मावशीने पाट माझ्या पायांखाली सरकवला आणि थोड्या वेळाने लेक चुटूचुटू प्यायला लागली. स्वतःचं एवढं दुःख तिने माझ्या लेकीसाठी उघडं केलं, आणि मी तिला साधं चांगलंसुद्धा म्हटलं नाही. पुढे बारा वर्षं राहूनच गेलं. याची मला फार लाज वाटते.

गेल्या आठवड्यात भावजय बाळाला घेऊन घरी आली. आजारी पडण्याआधी मावशी तिच्यासाठी पाट आमच्याकडे ठेवून गेली होती. बाळ रडत होतं, भावजयही रडत होती. "दूधच येत नाय, आई." मी काही बोलणार, तेवढ्यात आई उठली. तिने पाट पदराने पुसला आणि सुनेच्या पायांखाली ठेवला.

"पाय टेक गं. चीक हाय तो, थेंब थेंबच येतो. तेवढा पुरतो त्याला."

बाळ प्यायला लागलं, तशी आई तिथेच खाली बसून रडली. मीही रडले.

संध्याकाळी मी पाट मावशीच्या मुलीकडे पोचवायला उचलला. आईने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू दे. वरच्या आळीतल्या पोरीला नववा लागलाय. मला न्यावा लागंल."