हवालदाराची दाढी

उचगावच्या भरमा हवालदाराला लकवा झाला, ती गोष्ट छत्तीस-सदतीस सालची. सकाळी म्हशीची धार काढून तो उठला, हातातली चरवी कलंडली आणि तिच्यापाठोपाठ तोही गोठ्यात आडवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय लुळा पडला आणि तोंडातले शब्द गेले. एकच शब्द तेवढा मागं राहिला होता, ‘व्हय’.

जेवता काय म्हटलं की व्हय. भूक न्हाय काय म्हटलं तरी व्हय. लष्करी कॅम्पातल्या डॉक्टरनं डोकं दुखतंय का विचारलं, तर व्हय. आता बरं वाटतंय का विचारलं, तरी तेच. डॉक्टरनं कानातली नळी काढून खिशात ठेवली आणि नागुबाईला बाजूला घेऊन सांगितलं, “जीव वाचला. बोलणं येईल का, ते मला सांगता यायचं नाही.”

नागुबाई त्याची बायको. म्हशीनं नुसता कान हलवला तरी तिला काय हवंय ते कळणारी बाई. पण नवऱ्यापुढं ती हरली. तसा तो पहिल्यापासून कमीच बोलायचा. जर्मनीच्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आला, तिथं काय बघितलं ते कुणाला सांगितलं नाही. आल्यावर चार म्हशी घेतल्या आणि कॅम्पातल्या बंगल्यांना दूध घालायला लागला. आता दुधाचं सगळं थोरल्या मुलाच्या, भावकूच्या गळ्यात पडलं. तो पहाटे निघून जायचा आणि घरात राहायची ही दोघं.

एक दिवस भरमानं डाव्या हातानं कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ट्रंकेकडं बोट केलं.

“ट्रंक पायजे?”

“व्हय.”

तिनं ट्रंक ओढून उघडली. पलटणीचं घोंगडं काढलं, “ह्ये काय?” व्हय. बिल्ले काढले, “ह्ये?” व्हय. पण हात काही खाली येईना, बोट तिकडंच. शेवटी तळाशी कापडात गुंडाळलेला वस्तरा निघाला. बसऱ्याहून आणलेला, काळ्या मुठीत पातं मिटलेला. तो बघितल्यावर त्याचे डोळे लकाकले. वस्तरा त्यानं मुठीत घट्ट धरला. एका हातानं तो उघडेना, तेव्हा मांडीवर ठेवला आणि हनुवटीखालून गळ्यापर्यंत बोट ओढून दाखवलं.

नागुबाई वस्तरा उचलून सरळ गोठ्यात गेली आणि वैरणीत खुपसून आली.

त्यानंतर तो तिच्याशी बोलेना. म्हणजे व्हयसुद्धा म्हणेना. ताट पुढं ठेवलं की तोंड भिंतीकडं. दाढी वाढून तोंड ओळखू येईना. ती त्याच्यापुढं बसली आणि मनाचा हिय्या करून म्हणाली, “दाढी करायची हाय व्हय तुमास्नी?”

त्यानं तिच्याकडं बघितलं. “व्हय.”

तिला हायसं वाटलं; पण क्षणभरच. मग तिनं खालमानेनं दुसरंही विचारलं. “का जीवाचं काय बरंवाईट करून घ्यायचं हाय?”

“व्हय.”

तोच आवाज, तीच नजर. दोन्हीतलं खरं कुठलं? का दोन्ही खोटं? का दोन्ही खरं?

तिनं परशरामला बोलावणं धाडलं. परशराम गल्लीचा न्हावी, भरमाच्या लग्नातली दाढी त्यानंच केलेली. तो धोकटी घेऊन आला, पाण्याची वाटी मांडली, पुढं सरकला. आणि भरमानं डाव्या हाताच्या फटक्यानं वाटी उडवली. परशराम भिजला. परत प्रयत्न केला, तर भरमानं त्याचं मनगटच धरून ठेवलं. हात सुटेना.

“वैनी,” बाहेर आल्यावर परशराम धोतर पिळत म्हणाला, “म्या काय वंगाळ केलं ह्येचं?”

“मला तरी कुठं कळतंय, आण्णा.”

“पलटणीत गेल्यापास्नं आपल्या हातानंच करतोय त्यो. दुसऱ्याचा हात नगं वाटत आसंल.”

“का दुसरंच कायतरी आसंल?”

परशराम धोकटी आवळताना एवढंच म्हणाला, “तसं आसलं तर वस्तरा लपवून तरी किती दिस लपवशिला?”

ते वाक्य तिच्या डोक्यातनं जाईना. वैरणीत हात घालताना दर वेळी बोटं कापायची भीती, ती वेगळीच. शेवटी तिनं ठरवलं, वस्तरा घरात राहणारच असेल तर मूठ आपल्या हातात असावी. मग त्याच्या मनात काय आहे ते त्याचं तो जाणे.

शेजारी राहणाऱ्या जाऊबाई मनुबाईला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली. “अगं, बाईमाणसानं वस्तरा धरायचा? त्योबी दाल्ल्याच्या गळ्यावर? लोक काय म्हणतील?”

“लोकांनी येऊन दाढी करावी मग,” नागुबाई म्हणाली. पण म्हणताना तिचा आवाज काही खंबीर नव्हता.

वस्तऱ्याला वैरणीत ओल लागून गंज चढला होता. विळा ती लहानपणापासून दगडावर निसायची, त्यामुळं धार लावायचं तिला काही वाटलं नाही. विहिरीवरच्या खरबरीत दगडावर पाणी मारलं आणि पातं तिरकं उभं धरून विळ्यासारखं खसाखसा घासलं. ठिणग्या उडायच्याच बाकी राहिल्या. मग भरमाच्या गालाला साबण लावून वस्तरा टेकवला. केस कापायच्या ऐवजी उपटून निघाले. त्याच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. रडतोय का दुखतंय, का हसतोय, तिला समजेना, कारण तोंड एका बाजूलाच हलायचं.

“दुखलं?”

“व्हय.”

“ऱ्हाऊ दे मग?”

“व्हय.” आणि वस्तरा बाजूला ठेवायला गेली तर हात धरला.

त्यानं पुन्हा ट्रंकेकडं बोट केलं. या वेळी एक गुळगुळीत, पाटीसारखा काळा, धार लावायचा निसणा आणि चामड्याचा पट्टा निघाला. निसणा त्यानं मांडीवर घेतला. पातं त्यावर आडवं निजवलं, धार आणि पाठ दोन्ही दगडाला टेकलेली, आणि धार पुढं करून हळूच सरकवलं. टोकाला गेल्यावर पाठीवरनं उलटवलं आणि तसंच परत. विळा असा निजवून निसला तर गवताची काडी तुटायची नाही, असं तिला वाटलं. पण तो करतोय म्हणजे खरं असणार. समोर बसून बघायची तेव्हा सगळं उलटं दिसायचं, त्यात हात डावा. तो पुढं ढकलायचा ते तिला आपल्याकडं ओढल्यागत वाटायचं. ती उठून त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली, तेव्हा कुठं ढकलणं आणि ओढणं जागेवर आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी ती अशी त्याच्याशेजारी कधी बसली नव्हती. पाणी मागायला आलेली मनुबाई दारातनंच माघारी फिरली.

दगडावरचं जमलं. मग पट्टा. पट्टा तिनं खिडकीच्या गजाला बांधला, एका हातानं ताणला, आणि दगडावर केलं तसंच धार पुढं करून वस्तरा ओढला. चामड्याचा टवका निघाला. भरमा घशातनं कसलासा आवाज काढून भिंतीवर डोकं आपटायला लागला. ती घाबरून परशरामकडं गेली.

परशराम पारावर कुणाचीतरी हजामत करत होता. तिचं ऐकून घेतलं, मग आपला चामोट्याचा पट्टा हातात घेऊन दाखवत म्हणाला, “दगडावर धार पुढं, वैनी. चामड्यावर पाठ पुढं, धार मागनं येणार.”

“एकाच वस्तऱ्याला दोन रीती?”

“व्हय की. दगड खातोय, चामडं पुसतंय.”

घरी येईपर्यंत तिनं ते घोकलं. दगडावर धार पुढं, चामड्यावर पाठ पुढं. वाटेत ओळखीची बाई भेटली, म्हशी कशा काय म्हणून विचारलं, आणि बोलून झाल्यावर नागुबाईला आठवेना की पुढं काय न् मागं काय. परत पारावर गेली. परशराम हसला नाही, परत सांगितलं.

धार लागली. हातावरची लव टेकवल्याबरोबर तुटायला लागली. गाल छान व्हायला लागले. ऊन पाण्यात फडका बुडवून ठेवायची, केस मऊ झाले की साबण, मग डाव्या अंगठ्यानं कातडं ताणून वस्तरा निजवून ओढायची. फक्त मिशीचा घोळ झाला. डावी बाजू जरा जास्त गेली म्हणून उजवी कापली, मग उजवी जास्त गेली. हवालदाराच्या भरघोस मिशीची शेवटी भुवई झाली. त्यानं खुणेनं आरसा मागवून बघितलं आणि आरसा पालथा घातला.

गळ्याखाली मात्र काही केल्या जमेना. तोच वस्तरा, तोच साबण, तोच हात. गालावर लोण्यासारखा फिरायचा आणि गळ्यावर आला की रक्ताचे थेंब. ती तुरटी फिरवायची आणि विचार करायची, ह्यो आंग चोरतोय का, का मुद्दाम पुढं रेटतोय? तो विचार आला की वस्तरा अडायचा, आणि अडला की आणखी लागायचं. तो हूं की चूं करायचा नाही. त्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

दिवाळीच्या तोंडावर म्हशी भादरायला घेतल्या. भावकू वस्तरा चालवत होता आणि नागुबाई म्हशीची वेसण धरून अंगावरनं हात फिरवत होती. कुशीजवळ आल्यावर ती सवयीनं म्हणाली, “हितं भवरा हाय रं, बाजू बदल.” आणि म्हणता म्हणता तिचा हात थांबला.

वेसण भावकूकडं देऊन ती आत गेली. भरमा उन्हाच्या कवडशात बसला होता. न विचारता तिनं कोरडी बोटं त्याच्या गळ्यावरनं खालनं वर, वरनं खाली, आडवी फिरवली. जबड्याच्या खाली, उजवीकडं, केस गोल फिरले होते. भोवराच. आणि त्याच्याखालचे केस तर चक्क वरच्या दिशेनं उगवलेले. इतके दिवस ती तिथं वरनं खाली ओढत होती, म्हणजे उलटं.

“तुमास्नी ठावं हुतं?” तिनं विचारलं.

“व्हय.”

त्या सकाळी गळ्यावर रक्त आलं नाही. तिनं खालून वर वस्तरा नेला, भोवऱ्यापाशी मनगट वळवलं. झाल्यावर त्यानं डाव्या हातानं गळा चाचपला, परत चाचपला आणि डोळे मिटून घेतले.

पुढं संक्रांत झाल्यावरची गोष्ट. वस्तरा पट्ट्यावर ओढून, तसाच उघडा ठेवून, साबण लावून ती आणखी ऊन पाणी आणायला चुलीपाशी गेली. परत आली तर भरमाच्या डाव्या हातात वस्तरा उघडा, आणि पातं कानाखाली टेकलेलं. पाण्याचा तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. ओरडावं तर तो दचकेल. धावावं तर हात हलेल. ती उभ्या जागी उभी राहिली.

वस्तरा खाली सरकला. गालावरनं, हळूहळू, हनुवटीपर्यंत. फेसाचा पट्टा निघाला. त्यानं पातं फडक्याला पुसलं आणि पुन्हा कानाखाली टेकवलं. डावा गाल त्याचा त्यानं केला. कानापाशी जरा खरचटलं. मग मूठ तिच्याकडं करून वस्तरा पुढं केला.

ती बसली. उजवा गाल आणि गळा तिनं केला.

तेव्हापासून तसंच ठरून गेलं. पुढं त्याला थोडेथोडे शब्द आले. पाणी, म्हस, भावकू. एकदा तर ‘नागू’ म्हणाला, जे धडधाकट असताना कधी म्हणाला नव्हता. तेव्हा तिला वाटलं, आता विचारावं. ट्रंक उघडली त्या दिवशी गळ्यावरनं बोट ओढलं, ते कशासाठी होतं? शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पण उत्तर आलं तर ते कुठलं येईल, आणि आल्यावर आपण त्याचं काय करायचं, हे तिला सांगता येईना. बाहेर भावकूची सायकल वाजली, रिकामी चरवी घेऊन तो कॅम्पातनं आला होता. ती उठून त्याला भाकरी वाढायला गेली.