बोडक्या डोक्याचे नाना

निवृत्तीनाना दिवसा भाजीबाजारात पाट्या उचलायचे आणि संध्याकाळी मखमलाबाद नाक्यावर आमच्या मंडळाच्या पोरांना कबड्डी शिकवायचे. अठ्ठ्याहत्तर साली गुडघे गेले, तेव्हा त्यांनीच वाल्मीकला आपल्या जागी उभं केलं. वाल्मीक त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, गुणी आणि मुखदुर्बळ.

तो सुरुवातीचे सामने लागोपाठ हरला. मग काय! सायकलवाला सहादू सामना संपला की नानांना घरापर्यंत सोडायला यायचा आणि वाटभर वाल्मीकला सोलायचा.

"नाना, तुमच्या टायमाला सिन्नरवाले आपल्याला बघून चळाचळा कापायचे. आता कोनीबी येतं नि पानी पाजून जातं. हा पोरांना हातात हात धरायला लावतो. कबड्डी हाय का फुगडी?"

नाना 'गप रे' म्हणायचे. पण बरं वाटायचं त्यांना. म्हातारपणी कौतुक कुणाला नको असतं?

एका संध्याकाळी वाल्मीक नानांच्या घरी आला. यशोदाबाईंनी चहा दिला, तो त्याने तसाच ठेवला.

"नाना, रविवारचा सामना झाला की मी सोडतो. दुसरा कोनी बघा."

"का रं?"

"पोरं माझं ऐकतात नि बघतात तुमच्याकडं."

"मी तर चकार शब्द बोलत नाय!"

"तोंडानं नाय बोलत," यशोदाबाई चुलीपासून म्हणाल्या, "पन टोपी कुठं गप बसती तुमची?"

नाना चपापले. त्यांनी टोपी मागे सारली की पोरांनी दम धरायचा, कपाळावर ओढली की चढाईवाल्याच्या पायावर झडप घालायची. वर्षानुवर्षांची खूण. हात आपोआप जायचा. इकडे वाल्मीक साखळी धरायला सांगायचा, तिकडे टोपी हलली की कोपऱ्यातला झिपरू शेजाऱ्याचा हात सोडून पायावर पडायचा. निम्मा संघ वाल्मीकचा, निम्मा टोपीचा.

"मग मी येतच नाय मैदानावर."

"नको नाना. लोक म्हनतील, वाल्मीकचा खेळ नानांना बघवंना."

रविवारी दिंडोरीचा संघ होता. नाना आले ते बोडक्याने. आमच्याकडे वयाचा माणूस बोडक्याने बाहेर पडला म्हणजे घरात कुणीतरी गेलं.

सहादू धावला. "नाना, कोन गेलं?"

"कोनी नाय. टोपी धुवायला टाकली."

"दुसरी नाय व्हय?"

"नाय. खेळ बघ."

तोवर शेजारची मंगलाबाई पदर डोळ्याला लावून यशोदाबाईंच्या दारात पोचलीसुद्धा होती.

दिंडोरीचा गडी चढाईला आला. नानांचा हात वर गेला, नुसत्या केसांवरून फिरला आणि खाली आला. झिपरूने सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. तो गोंधळला. तेवढ्यात रेषेवरून वाल्मीक ओरडला, "सोडू नको हात!" झिपरूने सोडला नाही. साखळी वळली आणि गडी मधल्यामध्ये गुरफटून धुळीत आला. वाल्मीकचा एवढा मोठा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

तरी सामना गेलाच, थोडक्यात.

नाना उठले, सहादूची वाट बघत उभे राहिले. पण सहादू तरातरा गेला तो वाल्मीकसमोर.

"अरे, शेवटाला झिपरूला कशाला पाठवला चढाईला? अक्कल हाय का?"

"मंगळवारी सरावाला ये," वाल्मीक घाम पुसत म्हणाला. "तुलाच पाठवतो. बघू किती दम हाय."

पोरं हसली. बाकीचेही वाल्मीकभोवती जमले, हातवारे करून भांडू लागले. नानांना हाक मारायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. ते गुडघा धरत एकटेच घरी आले.

"जिंकले का?" यशोदाबाईंनी विचारलं.

"हारले."

"मंग हासता काय?"

"सहादू वाल्मीकशी भांडतोय," नाना म्हणाले, आणि ओट्यावर पाय पसरून बसले.