कोरडा दोर

ओल्या काथ्याचा वास आला की गोखिवऱ्यातली, आमच्या चाळीमागची नव्वदीतली विहीर आठवते, आणि तिच्यात पडलेली सगळ्यांची भांडी गळाने काढून देणारे काका. गळ पाण्यात सोडला की ते डोळे मिटायचे. तसं का, हे मला जवळून बघायचं होतं, म्हणून एकदा मी आईची कळशी मुद्दाम विहिरीत टाकली आणि दोराची गाठ सुटली असं सांगून त्यांना बोलावलं. कळशी वर आली. तेवढ्यात आई तरातरा येताना दिसली, तसं काकांनी काठावरच्या कोरड्या दोराचं टोक झटकन कळशीत बुडवलं. "गाठ पान्यात सुटली तर दोर भिजतो, पोरी," ते पुटपुटले. काका गेल्याचं काल कळलं. त्या दिवशी मी त्यांचे मिटलेले डोळे न्याहाळत होते. त्यांनी ते मिटायच्या आधीच सगळं बघून घेतलं होतं.