आईचं तिकीट आणि जबल अलीचे जाणकार

पहिली शंका मला पंधरा दिरहामनी आली. आईच्या मुंबई-दुबई जाण्यायेण्याच्या तिकिटाचा भाव स्क्रीनवर सहाशे ऐंशी होता. मी चहा आणायला पॅन्ट्रीत गेले, परत आले तर सहाशे पंच्याण्णव! मी दचकून मागे वळून बघितलं. मागे फक्त फाइलींचं कपाट होतं.

आमचं ऑफिस दुबईच्या जबल अली बंदराजवळ, एका गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर. माल जहाजावर चढवायचे कागद आम्ही तयार करतो. माणसांना विमानात चढवायचं काम आमचं नाही, पण गप्पा त्याच्याच. इथे प्रत्येकाची वर्षाला एक रजा, एका रजेचं एक तिकीट आणि एका तिकिटाचे निदान दोन किस्से. दहा माणसं दहा वर्षं एकत्र बसली की काय होणार?

माझं तिकीट मात्र किश्श्यासाठी नव्हतं. जूनमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधी तिला एकदा माझं घर बघायचं होतं. कराडहून मामा मुंबईच्या विमानतळापर्यंत सोडणार, पुढे ती एकटी. आयुष्यात पहिल्यांदा. मध्ये विमान बदलणं तिला जमणार नाही, म्हणजे थेटच हवं. आणि थेट विमानाचा भाव मेच्या सुट्टीतल्या भावाकडे रोज सरकत होता.

*

आमचे मॅनेजर सावंत सर मंगळवारवाले. मंगळवारी दुपारी भाव पडतात, असा त्यांचा सिद्धांत. मीटिंग मध्येच थांबवून ते तिकीट बघतात.

गेल्या वर्षी त्यांनी तीन मंगळवार वाट बघितली. तिसऱ्या मंगळवारी विजयी चेहऱ्याने घरी गेले आणि वहिनींना सांगितलं, काढली एकदाची तिकिटं, अकराशेला एक. वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मी शुक्रवारीच काढली. नऊशेला."

एकाच विमानाची चार माणसांची आठ तिकिटं! चार रद्द करताना जे गेलं, ते सरांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. मंगळवार अजून चालू आहे.

*

शेजारच्या टेबलावरची मेघना म्हणते, साइट आपल्याला ओळखते. आपल्याला गरज आहे हे कळलं की भाव वाढवते. म्हणून ती कधी नवऱ्याच्या फोनवर बघते, कधी आठ वर्षांच्या ईशानच्या टॅबवर. साइटला वाटावं, कुणीतरी सहज डोकावलंय.

एकदा टॅबवर खरंच झकास भाव आला. मेघना नवऱ्याला बोलवायला बाल्कनीत धावली. दोघं आत आले तर ईशान शांतपणे म्हणाला, "मम्मा, आय ऑलरेडी पेड." टॅबमध्ये कार्ड सेव्ह केलेलं होतं.

तिकीट एकच निघालं होतं, ईशानचं. खिडकीजवळचं. आई-बापाला तेच विमान दीडशे दिरहाम जास्त देऊन पकडावं लागलं. पुण्यात पोचल्यावर आजोबांनी विचारलं, प्रवास कसा झाला रे? तर उत्तर आलं, "माय टिकेट वॉज चीपर."

*

इस्माईलभाई आमचे गोडाऊन इनचार्ज. दापोलीकडचे, सव्वीस वर्षं इथे. त्यांची पद्धत सगळ्यात जुनी. रजेवरून परत आले की त्याच आठवड्यात पुढच्या वर्षीच्या ईदचं तिकीट काढून मोकळे. रजा मंजूर व्हायची असते, ईदचा चंद्र तर अजून कुणाच्या स्वप्नातही नसतो. ते फक्त यंदाच्या तारखेतून अकरा दिवस वजा करतात.

एका वर्षी चंद्र एक दिवस आधी दिसला. ईद नेमकी त्यांच्या विमानाच्या दिवशी. सकाळी इथे नमाज, मित्राच्या खोलीवर शीरखुर्मा आणि मग उतरलेल्या चेहऱ्याने एअरपोर्ट. घरचे वर्षभर वाट बघत होते आणि ईद तर दुबईतच संपली!

मुंबईत उतरून बघतात तर तिकडे चंद्र दिसलेलाच नव्हता. ईद दुसऱ्या दिवशी. गाडी करून पहाटे घरी पोचले आणि मुलांबरोबर पुन्हा नमाजाला गेले.

"एका तिकिटात दोन ईद," ते सांगतात. "यापेक्षा स्वस्त तुमच्या मंगळवारात काय मिळणार, सर?"

*

या सगळ्यांचं ऐकून मी सहा दिवस घालवले. सातव्या दिवशी सातशे पाचला धीर केला. नाव टाकलं, पासपोर्ट नंबर चार वेळा तपासला, पैसे भरायचं बटण दाबलं. तेवढ्यात ओटीपीचा मेसेज टुंग करून वाजला आणि फोन माझ्या हातून टेबलाखाली. मी खाली वाकून तो शोधेपर्यंत वेळ संपली. पान पुन्हा उघडलं तर सातशे नव्वद, आणि त्या दिवशीच्या थेट विमानात शेवटच्या दोन जागा!

मी पाणी प्यायले. मेघना म्हणाली थांब, सर म्हणाले मंगळवार परवाच आहे. इस्माईलभाई सही घ्यायला वर आले होते. त्यांनी विचारलं, "बेटा, आईला कधी बोलावायचंय? ऑपरेशनच्या आधी की भाव उतरल्यावर?"

मी सातशे नव्वदला काढलं. आईने फोनवर लगेच विचारलं, म्हणजे आपले किती? मी म्हटलं, एकोणीस हजार. ती म्हणाली, "चकल्या करून आणते."

दुसऱ्या दिवशी तोच भाव सातशे! कुठून तरी जागा वाढल्या होत्या. मी दिवसभर ते पान रिफ्रेश करत बसले. शेवटी सरांनीच लॅपटॉप मिटला. "खलास. लग्न झाल्यावर कुणी स्थळं बघतं का?"

*

आई आली त्या दिवशी मी हाफ डे टाकला. विमान चार वाजून दहा मिनिटांनी उतरलं, अगदी वेळेवर. पाचला त्या विमानातली माणसं बाहेर यायला लागली. ट्रॉलीवर मुंबईचे टॅग दिसत होते. साडेपाचला वैमानिक बाहेर आले. आई नाही.

तिच्या फोनवर रोमिंग मी स्वतः चालू केलं होतं. रिंग जात होती, ती फोन उचलत नव्हती. व्हिसाच्या कागदावरचं नाव चुकलं असेल? सरकत्या जिन्यावर पडली असेल? गुडघा? दुसऱ्याच दाराने बाहेर पडून कुठल्या टॅक्सीत बसली असेल? माहितीच्या काउंटरवरच्या मुलीने मला दोनदा हसून बसायला सांगितलं. तिसऱ्यांदा ती हसली नाही.

अकरा फोन झाले. बारावा घाईत मामालाच लागला. तो काही विचारायच्या आत मी कट केला. पुन्हा आईला लावला. रिंग. रिंग. रिंग.

"अगं, किती फोन करशील? पर्स बॅगेखाली गेलीय माझी," आई म्हणाली. आजूबाजूला प्रचंड गोंगाट होता. "मी आहे इथेच, बॅगांच्या पट्ट्याशी. माझ्या शेजारच्या बाईंनी आपलंच विमान दोन हजारांनी स्वस्तात काढलंय बघ. त्यांची बॅग अजून आली नाही, म्हणून थांबलेय सोबतीला. आपली पहिली आली!"