एकोणीस बबनकाका

माझ्या बहिणीच्या लग्नातल्या ओळखीच्या व्हिडिओत एकोणीस माणसं आहेत आणि ती सगळी बबनकाका आहेत.

हा पराक्रम माझा. लग्नपत्रिकेत वडिलांच्या धाकट्या भावाचं, म्हणजे बबनकाकांचं, नाव छापायचं राहून गेलं (पत्रिका मीच तपासली होती!). काका गावी, औंढ्यात, रुसून बसले, लग्नाला येणार नाही म्हणाले. वडील आतून खचले, पण समजूत काढायला जाईनात. मोठे भाऊ ना! शेवटी आईने फर्मान काढलं. लोणावळ्याच्या हॉलमध्ये दोन्ही घरांची ओळख करून देणारा व्हिडिओ लावायचा आणि त्यात काकांचं नाव ठसठशीत दिसलं पाहिजे. तसा निरोपही तिने काकांना धाडला.

मी सॉफ्टवेअरमध्ये नावाची एक झकास पट्टी बनवली, पिवळी, कडेने सरकत येणारी. तिच्याच प्रती प्रत्येक माणसाखाली चिकटवल्या आणि नावं बदलत गेलो. त्या प्रती एकमेकींना जोडलेल्या असतात, एक बदलली की सगळ्या बदलतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं (मी विचारलंही नव्हतं). सगळ्यात शेवटी काकांची पट्टी केली आणि व्हिडिओ पुन्हा न बघताच हॉल गाठला.

पडद्यावर पहिले वडील आले. खाली पट्टी सरकली: 'बबनराव, नवरीचे काका'. लोक खुसखुसले. मग आई आली, तीही बबनराव. नवरदेवाची आजी बबनराव. खुद्द नवरी लाजून हसतेय आणि खाली बबनराव, नवरीचे काका! मी लॅपटॉपवर दिसेल ते बटण दाबत सुटलो. त्याने आवाज तेवढा वाढला. व्याही वडिलांकडे बघत होते आणि वडील माझ्याकडे.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी खो खो हसलं. बबनकाका! लांबूनच फुलं टाकून परत फिरायच्या बेताने आले होते. ते तडक पुढे आले आणि वडिलांशेजारी बसले.

"जयभीम, दादा. पत्रिकेत एकदाच पायजे व्हतं, ह्ये लय झालं की."

वडिलांनी काकांचा हात धरला तो जेवायला बसेपर्यंत सोडलाच नाही. मला इतका आनंद झाला, की आपली अब्रू गेल्याचं पाच मिनिटं विसरूनच गेलो.

व्हिडिओच्या शेवटी मोठ्या अक्षरांत 'संकलन' आलं आणि खाली, अर्थातच, बबनराव. त्यामुळे गावातल्या पुढच्या दोन लग्नांच्या व्हिडिओचं काम काकांकडे आलं आणि काका बेधडक 'व्हय' म्हणाले. सध्या मी त्यांच्या हाताखाली आहे. बाकी सगळं मीच करतो. नावांना मात्र ते मला हात लावू देत नाहीत.