विकलेला प्रोसेसर

कल्पना करा, गेम अडखळतोय आणि दोष प्रोसेसरचा की ग्राफिक्स कार्डाचा, हे तुम्हाला सांगायचंय. लातुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या लुबनाआपा आधी रिझोल्यूशन कमी करतात. वेग वाढला तर कार्ड कमी पडतंय. नाही वाढला तर प्रोसेसर.

कोचिंगला जाणाऱ्या राघवेंद्रच्या मशीनवर वेग वाढला नाही. आपांनी प्रोसेसर बदलायला लावला. आठवड्यात राघवेंद्र परत आला.

"आपा, गेम अजून अडखळूनच राहिलाय!"

आता आपांनी चालू प्रोग्रामांची यादी उघडली. ऑनलाइन परीक्षेत नजर ठेवणारा कोचिंगचा प्रोग्राम दिवसभर प्रोसेसर खात होता.

"हा बंद का करत नाहीस?"

"आई म्हणते, चालू असला की अभ्यास होतो."

"लई झाला अभ्यास!"

आपा हसल्या खऱ्या, पण जुना प्रोसेसर त्यांनीच विकून टाकला होता. तो खरंच कमी पडत होता का, हे आता कशावर तपासणार?