वडनेरबाईंची अवेळची भुलाबाई

वडनेरबाई परिपत्रक नुसते वाचून दाखवत नसत. धान्य पाखडावे तसे त्या ते पाखडून आमच्यापुढे ठेवत. विद्यापीठाकडून आलेला कागद हातात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि वसतिगृहाच्या लांब ओसरीत आम्ही मुली आपापल्या दारांत उभ्या. आधी त्या मूळ वाक्य वाचत, घोटीव स्वरात, एकही मात्रा न गिळता. मग कागद खाली घेऊन म्हणत, "आता हे आपल्या भाषेत आइका." ‘विद्यार्थिनींनी परस्परांत सुरक्षित अंतर राखणे अनिवार्य आहे’ या वाक्याचे त्यांनी केलेले रूपांतर मला अजून पाठ आहे. "बाजूच्या पोरीच्या ठेच्यानं तुह्या नाकात ठसका उठला, तं समजजो, तू लय जवळ बसली."

त्यांचे खरे नाव कार्यालयाच्या दारावरच्या पाटीपुरते उरले होते. गाव वडनेर भोलजी, म्हणून त्या वडनेरबाई. आणि हे नाव आपल्याला ठाऊकच नाही असा आव त्या आणत, आम्हीही आणू देत असू. नांदुऱ्याबाहेरच्या आमच्या विद्यापीठ केंद्रात त्या गृहविज्ञान शिकवत आणि मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. मी तिथे मराठीच्या एम.ए.ला होते. खळ घातलेल्या सुती साडीची सळसळ आधी येई, मग पदराच्या टोकाला बांधलेल्या कापराचा वास आणि सर्वांत शेवटी बाई. जुन्या साड्यांच्या काठांचे त्यांनी इतक्या मुखपट्ट्या शिवल्या होत्या, की आमच्या चेहऱ्यांवरून त्यांचे सगळे सणवार ओळखता यावेत.

साथ आली तेव्हा वसतिगृह एका दिवसात रिकामे झाले. गाड्या थांबल्या. ज्या रुळांच्या घरघरीवर आम्ही पहाटेची वेळ ओळखत असू, त्यांवर म्हणे चिमण्या उतरू लागल्या. गावोगावी पांगलेल्या आम्हां मुलींना बाई आळीपाळीने फोन करीत. प्रकृतीची चौकशी एका वाक्यात उरकत. "जित्ती आहेस नं वं? मंग पुस्तक उघड." एवढे बोलून फोन ठेवला, तरी त्या आवाजाचा पितळी घुमारा बराच वेळ कानात राही.

मग नियमांचा काळ आला. नियम येत, बदलत, परत जात. आधी आम्ही काही मुली परतलो तेव्हा दारातच आमच्या पिशव्यांवर फवारणी झाली. माझ्या कवितेच्या वहीला पुढे वर्षभर त्या औषधाचा उग्र वास येत होता. कपाळावर तापमापक रोखला जाई. ओसरीत चुन्याची वर्तुळे आखली गेली. खोलीत एकच मुलगी, खिडक्या बंद. नंतर कळले, की हवा खेळती हवी. मग खिडक्या सताड उघड्या. फवारणी थांबली, लसीचे प्रमाणपत्र आले. आम्ही हसू लागलो तेव्हा बाई रागावल्या. "हासून काऊन राह्यल्या? मानूस शिकून राह्यला म्हनून नियम बदलून राह्यला. ज्याले सारं पहिल्याच दिवशी समजलं असं वाटते नं, त्याच्यापासून दूर राहाजा." अनिश्चिततेचा इतका स्वच्छ गौरव मी त्याआधी कुठल्या वर्गात ऐकला नव्हता.

दिवाळीनंतर वसतिगृह पुरते उघडले. आता शेवटच्या वर्षाच्या मुलींची प्रात्यक्षिके व्हायची होती. त्या परिपत्रकात एक वाक्य होते: ‘वसतिगृहात एकही बाधित विद्यार्थिनी आढळल्यास वसतिगृह तत्काळ रिक्त करण्यात यावे.’ ते बाईंनी वाचले. कागद खाली घेतला. आम्ही वाट पाहत राहिलो. पण ते वाक्य त्यांनी आपल्या भाषेत सांगितले नाही. परिपत्रक घडी घालून कमरेला खोचले आणि त्या स्वयंपाकघराकडे वळल्या.

त्या वाक्याचा अर्थ सर्वांत जास्त शेवटच्या वर्षातल्या चंदाला कळला होता. संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचे गाव. तिथे फोनला रेंज नव्हती. शाळेच्या पत्र्यावर चढून, तापल्या पत्र्याचे चटके सोसत तिने रसायनशास्त्राचे तास ऐकले होते, अर्धे आवाज वाऱ्याने नेलेले. आधीच्या वर्षीची प्रात्यक्षिके बुडाली होती. या वेळीही बुडाली, तर पुन्हा पाठवणार नाही, असे घरून स्पष्ट सांगितले गेले होते. पदवी आणि चंदा यांच्यामध्ये आता फक्त हे उघडे वसतिगृह उभे होते.

ते उघडे ठेवण्यासाठी बाईंनी जे केले, ते वऱ्हाडातल्या बाईलाच सुचावे. एका संध्याकाळी प्रत्येक दारापुढच्या स्टुलावर पातळ फडके बांधलेली स्टीलची डबी आली, आणि बाईंनी जाहीर केले, "आजपासून भुलाबाई."

"मॅडम, भुलाबाई तं कोजागरीले सासरी गेली!" चंदाच्या शेजारच्या खोलीतली रेखा म्हणाली.

"गाड्या बंद होत्या बाप्पा. तिले पास उशिरा भेटला."

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखतात. डबा वाजवून पाहायचा, तिखट की गोड विचारायचे, हरलो की चिडायचे. बाईंनी खेळ तोच ठेवला, पण डबी वाजवायला बंदी केली. खिरापत फक्त नाकाने ओळखायची. या आजारात वास जातो हे त्यांनी ऐकले होते. जी तापमापकाला चुकवेल तिला ओवा पकडेल, आणि तिला वेळीच बाजूला ठेवून बाकीच्यांना वाचवता येईल, असा त्यांचा हिशेब होता. प्रत्येक डबीत वेगळा जिन्नस: भाजलेले तीळ, चुरलेली मेथी, लिंबाची साल, धण्याची डाळ. आपापल्या दारात उभ्या राहून आम्ही गात असू. एकत्र फेर धरता येत नसल्याने गाणे ओसरीच्या एका टोकाला सुरू होई आणि दुसऱ्या टोकाला थोडे उशिरा पोचे, जणू गाण्याचीच सावली मागून चालत येई. मग बाई दारोदार विचारीत, "काय आहे वं?" उत्तर आले, की फडके सोडून सगळ्यांना दाखवीत. दिवसभराच्या फिनाईलच्या वासातून ती ओसरी त्या घटकेपुरती माहेराच्या वासाची होई.

काही दिवसांनी चंदाचा वास गेला. ताप नाही, खोकला नाही. फक्त सकाळचा चहा गरम पाण्यासारखा लागला. तिने रेखाला सांगितले, आणि रेखाने तेच केले जे भुलाबाईच्या खेळात मैत्रीण आजवर करत आली आहे: तिने खिरापत फोडली. दुपारी स्वयंपाकघरात मदतीला गेली, की ती डब्यांत डोकावे आणि खिडकीच्या गजांतून चंदाला जिन्नस सांगे. शेजारच्या चार दारांना हे ठाऊक होते. कुणालाच ते खोटे वाटले नाही. मैत्रिणीला हरू द्यायचे नाही, एवढाच धर्म त्यांना लहानपणापासून ठाऊक होता. माझी खोली दुसऱ्या टोकाला होती. मला हे सारे मागाहून कळले.

एका संध्याकाळी चंदाच्या डबीत गूळखोबरे होते. रेखाने ते पाहिले, सांगितले. त्यानंतर गुळाला मुंग्या लागल्या, आणि ऐन वेळी बाईंनी तीच डबी धुऊन तीत नुकता कुटलेला लसणाचा ठेचा भरला. फडक्यातूनही तो असा उसळत होता, की दुसऱ्या टोकाला माझ्या डोळ्यांत पाणी आले. बाई चंदापाशी पोचल्या. "काय आहे वं?"

चंदाने डोळे मिटले, डबीवर झुकली, दीर्घ श्वास घेतला, आणि हसून म्हणाली, "गूळखोबरं, मॅडम."

रेखाने दाराची चौकट धरली. बाईंनी क्षणभर चंदाकडे पाहिले. फडके सोडले नाही. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, डबी उचलून पदराखाली घेतली आणि पुढच्या दाराशी गेल्या. सगळी दारे संपेपर्यंत त्यांचा आवाज जराही हलला नाही. शेवटचे गाणेही त्यांनी पुरते म्हणवून घेतले. मग मुखपट्टीवर दुसरी मुखपट्टी चढवून त्या चंदाच्या खोलीत गेल्या आणि तिला अंगणाच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीत घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली माणसे येऊन सगळ्यांची तपासणी करून गेली. चंदा बाधित निघाली. बाकी कुणीही नाही. बाईंनी आम्हांला दारांत उभे केले.

"तिले सांगत कोन होतं?"

रेखा पुढे आली. "मी, मॅडम. पन तिले वाचवाले केलं."

"तू तिले वाचवून नाही राह्यली, पोरी. तू मले आंधळं करून राह्यली." आणि मग, आमच्याकडे न पाहता, "पन तुह्या जागी मी असती, तं मी बी हेच केलं असतं."

त्या दिवशी त्यांनी मला कार्यालयात बोलावले. "तू मराठीवाली. मी सांगतो तसं लिही, अन् कचेरीच्या भाषेत शुद्ध कर." त्या बोलत होत्या, मी लिहीत होते. पोरी घरी पाठवल्या तर बसमधून, जीपमधून आजार अशा गावांत पोचेल जिथे डॉक्टर नाही. इथे वेगळी खोली आहे, वेगळे न्हाणीघर आहे, सगळ्या मुली आपापल्या दारांत असल्याने दुसऱ्या कुणाला लागण नाही. रोग्याला वेगळे ठेवावे. वसतिगृह रिकामे करू नये. मी ‘विलगीकरण’, ‘संसर्ग’, ‘प्रतिबंध’ असे शब्द रचत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, "अन् हेही लिही, का चूक पोरीची नाही. आपन खरं बोलनं महाग करून ठेवलं."

हे वाक्य मी तीन प्रकारांनी शुद्ध करून पाहिले. प्रत्येक वेळी त्यातला जीव गेला. म्हणून ते तसेच राहू दिले.

विद्यापीठाचे उत्तर येईपर्यंतचे दिवस चमत्कारिक होते. मुलींनी पेट्या भरूनही ठेवल्या नाहीत आणि उघडल्याही नाहीत. प्रयोगशाळेच्या दाराकडे कुणी पाहत नसे. बाई मात्र रोज सकाळी कोपऱ्यातल्या खोलीच्या खिडकीत एक डबी ठेवून दूर उभ्या राहत. आता ओळखायची सक्ती नव्हती. "नाही आला वास, तं नाही म्हन. ‘नाही’ बी उत्तरच आहे." आतून चंदाचा आवाज येई, "नाही, मॅडम." बाई मान डोलावत. "शाब्बास."

मग नवे परिपत्रक आले. ‘बाधित विद्यार्थिनीस स्वतंत्र कक्षात ठेवावे, वसतिगृह रिक्त करण्याची आवश्यकता नाही. लक्षणे स्वतःहून कळविणाऱ्या विद्यार्थिनीचे कोणतेही शैक्षणिक नुकसान होऊ देऊ नये.’ बाईंनी ते एकदा वाचले, दोनदा वाचले. चष्मा काढून पदराने पुसला. "आपल्या भाषेत," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "आपल्या भाषेत, चंदा प्रॅक्टिकलले बसते."

ती बसली. बरी होऊन, थोडी उशिरा, पण बसली. त्याच्या आदल्या सकाळी अंगण पुसले जात असताना ती कोपऱ्यातल्या खोलीच्या खिडकीतून ओरडली होती, "मॅडम! फिनाईल! मले फिनाईलचा वास येऊन राह्यला!" ज्या वासाला आम्ही वर्षभर नाके मुरडली, त्याच्यासाठी सगळी ओसरी टाळ्या वाजवत होती. रेखा रडत होती आणि बाई तिला दटावत होत्या, की रडून मुखपट्टी ओली करू नये.

उन्हाळ्यापूर्वी निर्बंध एकेक करून गळाले. चुन्याची वर्तुळे आमच्याच पायांनी पुसली गेली. बाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाला त्यांनी भाषण केले नाही. पोह्यांत मीठ कमी आहे एवढे सांगितले आणि प्रत्येकीच्या गालावर आपला खरबरीत, कापराच्या वासाचा तळहात ठेवला. इतके दिवस तो हात कुणालाच लागला नव्हता. आता त्या वडनेरला असतात, शेताच्या बांधावर तुळस आणि ओवा लावतात, आणि फोनवर पहिल्या वाक्यातच विचारतात, "काय शिकली नवं?" चंदा एका औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते.

मी दुसऱ्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाचे कामही गेल्या वर्षी माझ्याकडे आले. या पावसाळ्यात गावात डोळ्यांची साथ होती. एका दुपारी पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्या दारात येऊन उभी राहिली. डोळे जास्वंदीसारखे लाल, खांद्यावर गच्च भरलेली पिशवी.

"मॅडम, माहे डोळे आले. कोनी पाहाच्या आंधी मीच सांगाले आली."

"अन् सामान काऊन भरलं?"

"घरी जा लागन नं?"

"नाही वं," मी म्हणाले, "घरी कशाले? ये, आत ये."

तिने माझ्याकडे नीट पाहून घेतले. मग हलकेच खांदा वाकवला आणि पिशवी खाली ठेवली.